भागरताबाईंची लुगडी

परवा माझी भाची पुण्याहून आली आणि मला शिकवायला लागली. "मावशी, जुने कपडे विकत घ्यायची आता फॅशन आहे. लोक शोधून शोधून घेतात. ते सांभाळायचे कसे याचे क्लाससुद्धा असतात." मी म्हटलं, बाप्पा! क्लास? आमच्या भागरताबाई असत्या तर त्यांनी त्या क्लासवाल्या बाईचा पदर आधी नाकाला लावला असता, मग उलटा करून पाहिला असता, आणि त्यानंतर ठरवलं असतं की हिच्याकडून शिकायचं की हिलाच शिकवायचं. मी सांगते, त्यांनी शिकवलंच असतं.

भाचीला त्या दिवशी सगळं नीट सांगता आलं नाही. ती मध्येमध्ये प्रश्न विचारत होती आणि मला मध्ये बोललेलं खपत नाही. म्हणून लिहून काढते आहे.

सत्तर सालच्या आगेमागे मी नागपूरला धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर कारकून म्हणून लागले. वय बावीस, तोंड फटकळ, आणि मॅट्रिकला बरे मार्क पडले होते त्याचा तोरा. दवाखान्याचं नाव सांगत नाही. धंतोलीत दवाखान्यांना काय तोटा? भागरताबाई ढोके तिथल्या तळमजल्यावर, लिनन रूममध्ये. कागदोपत्री त्या आया होत्या, पण चादरी, अभ्रे, ब्लँकेटं, ऑपरेशनचे हिरवे गाऊन, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. मोठे डॉक्टर अख्ख्या स्टाफवर ओरडायचे, पण लिनन रूमच्या दारात आले की चपला बाहेर काढायचे. बाईंनी तसा नियमच केला होता. एकदा एक नवा डॉक्टर बुटासकट आत शिरला, तर त्याला म्हणाल्या, "पाहा इकडं. तुमच्या ऑपरेशनले आमी बूट घालून येतो का जी?" तो बिचारा मोजे घालून उभा राहिला.

उंच, सावळ्या, केस घट्ट बांधलेले, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला. हाताची नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. मला वाटलं दवाखान्याची स्वच्छता म्हणून. नंतर कळलं की नख वाढलं तर रेशमाचा धागा ओढला जातो म्हणून. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं त्या स्वतःबद्दल "मी जातो, मी करतो" असंच बोलायच्या, आणि तेवढ्याच ठसक्यात करायच्याही.

आमची ओळख वासावरून झाली. एका नर्सच्या लग्नाला जायचं होतं म्हणून मी आईची जुनी रेशमी साडी नेसून ड्यूटीवर आले. जिन्यात भागरताबाई समोरून आल्या, थांबल्या आणि नाक मुरडलं.

"डांबरगोळ्या टाकतं का वं पेटीत?"

मी म्हटलं, "हो. कसर लागू नये म्हणून."

"कसर नाही लागत. जरी काळी पडते. पाय." त्यांनी माझा काठ उलटा केला. खरंच, आईच्या लग्नातली पिवळीधमक जरी राखेच्या रंगाची झाली होती. "आन् हे काय? वीस वर्सं एकाच घडीवर ठेवलं! घडीवर कापड मरते. हे असं धरलं तं टर्रकन जाईन." मी म्हटलं, माझी साडी आहे, तुम्हाला काय करायचं? अगदी असंच म्हटलं. आता आठवलं की कानशिलं गरम होतात. लग्नात पंगतीत बसताना साडी घडीवरूनच फाटली, बरोब्बर त्यांनी बोट ठेवलं होतं तिथे. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने साडी कागदात गुंडाळून लिनन रूमच्या दारात उभी राहिले. चपला बाहेर काढून.

त्यांनी ती साडी पंधरा दिवस ठेवून घेतली. रफू केलं ते कशानं? बाजारातल्या दोऱ्यानं नाही. त्याच साडीच्या आतल्या टोकाला, जिथे कुणाला दिसत नाही, तिथले धागे काढून. "जुन्या कापडाले जुनंच सूत लागते. नवं सूत त्याले तोडते," म्हणाल्या. साडी परत दिली तेव्हा फाटलं होतं कुठे ते मला सापडेना. मी विचारलं, "किती द्यायचे?" त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

लिनन रूमची मागची भिंत दवाखान्याच्या बॉयलरला लागून होती. त्यामुळे भर श्रावणातही ती खोली कोरडी ठणठणीत. बाईंचं घर वस्तीत, वर कवेलू, पावसाळ्यात चार ठिकाणी गळायचं. म्हणून मेट्रनच्या परवानगीने त्यांची एक मोठी लोखंडी पेटी त्या भिंतीशी ठेवलेली होती. पेटीत लुगडी. नऊवारी, जुनी, काही पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. करवतीसारखे दात असलेल्या काठांची, टोपपदराची, डाळिंबी, जांभळी, एक तर मोरपंखी अशी की मी तो रंग पुन्हा पाहिला नाही. प्रत्येक लुगडं धुवून मऊ केलेल्या मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेलं, घडीत चार लवंगा आणि वेखंडाचा तुकडा, पेटीच्या तळाशी वाळलेला कडुनिंबाचा पाला. महिन्यातून एकदा जेवणाच्या सुट्टीत त्या एकेक काढायच्या आणि घडी बदलून ठेवायच्या. मागच्या वेळी मोड होती तिथे आता मोड नको. त्या वेळी कुणी आलं, अगदी मेट्रन जरी आली, तरी हातातली घडी पूर्ण झाल्याशिवाय मान वर नाही.

आणि ही लुगडी जमवली कशी ते ऐका. बोहारीण आपल्याला ठाऊक आहे. जुने कपडे घेते आणि भांडी देते. भागरताबाई बोहारणीला भांडी द्यायच्या आणि कपडे घ्यायच्या! अख्ख्या नागपुरात असा उलटा व्यवहार करणारी बाई दुसरी नसेल. त्यांच्या घरी मी एकदा चहाला गेले तर घरात एकच गंज उरलेला. त्यातच चहा, त्यातच वरण. मी हसले. त्या म्हणाल्या, "हास. गंजात वरणच शिजते. लुगड्यात मानूस दिसते."

दुसरी जागा लकडगंजच्या बाजूला. तिथे एक माणूस जरीची जुनी लुगडी घ्यायचा, भट्टीत जाळायचा आणि राखेतून चांदी काढायचा. एका रविवारी मला सोबत घेऊन गेल्या. ढिगाशी उकिडव्या बसल्या आणि एकेक लुगडं उलटं करून पाहू लागल्या. "कापड उलट्या अंगानं पाहावं वं. सुलटं तं त्यानं विकाले केलेलं असते." भट्टीवाला हिंदीत म्हणाला, "अरे मौसी, उसमें चांदी है ही नहीं. क्या करोगी?" "चांदी तुले राहू दे," बाई म्हणाल्या. तेवढ्यात त्याच्या नोकराने ढिगातलं एक डाळिंबी लुगडं उचललं आणि टोक भट्टीत घातलंसुद्धा. बाप रे! भागरताबाई कशा उठल्या, कशा धावल्या, मला दिसलंच नाही. पेटलेलं टोक हातानं दाबून विझवलं. तो माणूस घाबरून म्हणाला, घेऊन जा बाई, फुकट घेऊन जा. बाईंनी फुकट घेतलं नाही. घासाघीसही नाही केली. मी परतताना म्हटलं, जळकं होतं, थोडं कमी करायला सांगायचं होतं. "ज्यानं विनलं त्याच्या हाताची घासाघीस करू का मी?" दुसऱ्या दिवशी त्यांच्या तळहाताला आमच्याच ड्रेसिंग रूममध्ये पट्टी बांधली. ते लुगडं पुढे पेटीत सगळ्यात वर असायचं. जळलेला भाग त्यांनी कापला नाही, नुसता कडेनं शिवून घेतला.

विकणाऱ्या प्रत्येकाला त्या एक प्रश्न विचारायच्या. "विनलं कोनं?" बोहारीण हसायची. भट्टीवाला डोकं खाजवायचा. एकदा महाल भागातल्या एका घरी एक आजी लग्नातलं लुगडं द्यायला तयार झाल्या. त्यांना दुकानदाराचं नाव आठवत होतं, दुकान कोणत्या बोळात ते आठवत होतं, नेसल्यावर सासूबाई काय म्हणाल्या तेही आठवत होतं. विणलं कोणी? "अगं बाई, ते कुणाला ठाऊक असतं!" बाहेर पडल्यावर भागरताबाईंनी त्या घराकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "अंगाले लावून पन्नास वर्सं फिरली. इचारलं नाही."

मी तेव्हा फार मनावर घेतलं नाही. खरं सांगते, मला ते त्यांचं खूळ वाटायचं.

मग एके दिवशी घडी बदलताना त्यांनी पेटीच्या तळातून एक लुगडं काढलं. पांढरं, सुती, जाडंभरडं. ना काठ, ना पदर, ना जरी. रेशमाच्या त्या सगळ्या थाटात ते असं दिसत होतं की मी विचारलं, हे चुकून राहिलं का इथे?

"हे चुकून नाही. बाकीचे याच्यापाई हायेत," बाई म्हणाल्या.

मग सांगितलं. नागपूरजवळच्या खाप्याला त्यांच्या वडिलांचा माग होता. डोमाजी सोमकुवर. जाड सूत विणायचे, व्यापारी घेऊन जायचा, त्याच्या नावानं बाजारात जायचं. छप्पन साली दीक्षा घ्यायची ठरली तेव्हा सगळ्यांना पांढरं नेसायचं होतं आणि इतकी माणसं निघाली होती की पांढरं कापड मिळेनासं झालं. डोमाजींनी व्यापाऱ्याचं काम बाजूला ठेवलं आणि दोन लुगडी विणली. एक बायकोसाठी, एक लेकीसाठी. "आयुष्यभर दुसऱ्याले विनलं. घरच्यासाठी तेवढे दोनच," बाई म्हणाल्या. ती दोन नेसून मायलेकी नागपूरला आल्या. आईचं लुगडं आईबरोबर गेलं. हे राहिलं. वर्षातून एकदा, दीक्षेच्या दिवशी, भागरताबाई ते नेसून दीक्षाभूमीवर जायच्या, आल्यावर रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, की पुन्हा पेटीत.

"इतक्या लुगड्याईत एकाचंच नाव मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "एक डाव तरी, चार लोकाईसमोर, हे कोनं विनलं ते नाव घेऊन सांगाचं हाय मले. मंग पेटी कोनीबी नेवो."

मी मलमलीचं फडकं उचलून त्यांच्या हातात दिलं.

आता माझा प्रताप सांगते. सांगायचा नव्हता, पण तो सोडला तर बाई कळणार नाहीत.

त्या वर्षी पावसाळ्यात खाप्याहून निरोप आला म्हणून बाई आठ दिवस रजेवर गेल्या. लिनन रूमच्या किल्ल्या मेट्रननं माझ्याकडे दिल्या. जाण्याआधी बाईंनी पांढरं लुगडं हवेला म्हणून वरच्या फळीवर पसरून ठेवलं होतं. घाईत सांगायचं राहिलं असेल. त्याच आठवड्यात चादरींसाठी पांढऱ्या कापडाची नवी थानं, म्हणजे तागे, आली आणि तीही त्याच फळीवर गेली. दवाखान्याच्या प्रत्येक कपड्यावर धोबी बिब्ब्यानं खूण करायचा. एक गोल आणि आत दोन रेघा. बिब्ब्याचा रस एकदा सुतात गेला की बॉयलरमध्ये उकळा, नाहीतर दगडावर आपटा, जात नाही. धोबी आला, म्हणाला, किती टाकू? मी रजिस्टरमधून मान वर न करता म्हटलं, वरच्या फळीवरचं सगळं पांढरं. त्यानं इमानेइतबारे सगळ्या पांढऱ्यावर खूण मारली. दुसऱ्या दिवशी थानं फाडून चादरी करायच्या होत्या. नशीब माझं, त्या सकाळी बाई परत आल्या.

त्यांनी फळीकडे पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं. मी रडायलाच लागले. त्यांनी लुगडं खाली घेतलं, ती काळी खूण अंगठ्यानं चोळून पाहिली.

"बिब्बा हाय. नाही जात," एवढंच.

मी म्हटलं, बाई, मला शिव्या द्या. मारा. टोक कापून टाकू या का?

"कापाचं काहून? फाटलं नाही ना?" मग लुगडं माझ्या हातात दिलं. "रडू नको. चाल, धू."

तासभर त्यांनी मला ते लुगडं धुवायला लावलं. पिळायचं नाही, आपटायचं नाही, ओलं कापड एका हातानं उचलायचं नाही, लहान पोराला उचलतो तसं दोन्ही हातांवर घ्यायचं. खूण गेली नाही, जाणारही नव्हती. कोपर दुखेपर्यंत धुवून झाल्यावर म्हणाल्या, "तुह्यं एकच चुकलं. इचारलं नाही." नंतर पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही, टोमण्यातसुद्धा नाही. मी असते तर दर आठवड्याला काढला असता.

ऐंशी सालच्या सुमारास मोठ्या डॉक्टरांच्या पत्नी मालतीबाईंनी त्यांच्या महिला मंडळातर्फे जुन्या वस्त्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मेट्रनकडून त्यांना पेटीची बातमी लागली. बाई हौशी, मनानं चांगल्या. लिनन रूममधून पेटी वर त्यांच्या दिवाणखान्यात नेली, भागरताबाई आणि मदतीला मी. एकेक लुगडं उघडलं तसं मालतीबाई "अय्या!" आणि "काय बाई रंग!" करत होत्या. माझी छाती अशी फुगली होती, जणू मीच जमवली. सोळा लुगडी पसंत झाली. सतरावं उघडलं आणि त्या थबकल्या.

"हे राहू द्या भागरताबाई. हे साधंच आहे. शिवाय डाग पडलाय मोठा."

माझी मान खाली गेली.

"डाग नाही जी. खूण हाय," भागरताबाई म्हणाल्या. "तुमच्याच दवाखान्याची हाय."

"ते खरं, पण प्रदर्शनात कसं दिसेल?"

"हे मधात लागंन. याच्याखाली विननाऱ्याचं नाव लागंन. तं बाकीचे देतो."

मालतीबाई समजुतीनं म्हणाल्या, अहो, लोक काठपदर बघायला येतात, हे जाडंभरडं कोण बघणार? भागरताबाईंनी वाद घातला नाही. खाली बसल्या आणि लुगडी परत गुंडाळायला लागल्या. सोळाच्या सोळा. प्रत्येकाची नवी घडी, प्रत्येकाचं फडकं, प्रत्येकाच्या लवंगा. मालतीबाई उभ्या. मंडळाच्या दोन बायका उभ्या. बाईंना घाई नव्हती. पाऊण तास तो कार्यक्रम चालला. मी धंतोलीत अनेक मोठी माणसं पाहिली, पण असा नकार देताना कुणाला पाहिलं नाही. पेटीच्या एका कडीला त्यांनी धरलं, दुसरीला मी. जिना उतरताना मी हळूच म्हटलं, बाई, नोकरीचं काही झालं तर? "होऊ दे. सोळा लुगडे दाखवून त्याच्या हाताचं झाकून ठेवू का?"

चौथ्या दिवशी मालतीबाई स्वतः लिनन रूममध्ये आल्या. त्या खोलीत त्या कधीच आल्या नव्हत्या. आणि दारात चपला काढल्या! स्टुलावर बसल्या, म्हणाल्या, "मधे म्हणजे नेमकं कुठे, ते तुम्हीच येऊन सांगा."

प्रदर्शनाच्या सकाळी आम्ही दोघी हॉलवर गेलो. डाव्या उजव्या बाजूला रेशमी लुगडी, आणि समोरच्या भिंतीवर मधोमध ते पांढरं, वरपासून खालपर्यंत सोडलेलं, खालच्या कोपऱ्यात काळी खूण. प्रत्येकाखाली मालतीबाईंच्या सुरेख अक्षरातला कागद. भागरताबाई शाळेत गेल्या नव्हत्या. चादरींवरच्या वॉर्डांची नावं लावून लावून अक्षरओळख झाली होती, तेवढीच. त्या कागदाशी वाकल्या आणि एकेक अक्षर जोडू लागल्या. पहिल्याच अक्षरावर थांबल्या.

"हे 'कै' काय हाय वं?"

मी म्हटलं, कैलासवासी. वारलेल्या माणसाच्या नावाआधी लिहितात.

"वारला कोन?"

मी कागद दाखवला. कै. डोमाजी सोमकुवर, खापा.

भागरताबाई सरळ उभ्या राहिल्या. "माहा बाप? माहा बाप खाप्याले हाय! भावाकडे. सकाळी भाकर खाऊन उन्हात बसला असंन." मालतीबाई धावत आल्या. बाई त्यांना म्हणाल्या, "आन् मेला असता तरी आमी आता कैलासाले नाही जात जी. ते छप्पन सालीच सोडलं." मग माझ्याकडे वळल्या. "तू तरी वं? इतके वर्सं माह्याजवळ बसते."

काय सांगू! नऊ वर्षं मी त्या बाईचं ऐकत होते. डोमाजींचा माग ठाऊक, लुगडं ठाऊक, दर दोन-तीन महिन्यांनी बाई खाप्याला जाऊन येतात ते ठाऊक. पण "वडिलांनी विणलं" म्हटलं की मी मनातल्या मनात त्यांना मारून टाकलं होतं. आम्ही सगळ्यांनीच. पावसाळ्यातल्या त्या आठ दिवसांत बाई बापाच्या डोळ्यांसाठी गेल्या होत्या, हेही त्यांनी त्या सकाळी सांगितलं तेव्हा मला कळलं.

मालतीबाई कानापर्यंत लाल झाल्या. तिथल्या तिथे त्यांनी दुसरा कागद लिहिला आणि म्हणाल्या, "त्यांना आणू या. मी आमची गाडी पाठवते."

"यष्टीनं येईन तो," भागरताबाई म्हणाल्या. "तिकीट काढून."

त्या प्रदर्शनानंतर वर्षभरात बाई निवृत्त झाल्या आणि पेटी घेऊन खाप्यालाच राहायला गेल्या. पुढे एक-दोनदा भेट झाली, बोलणं झालं. पण मला त्या दिसतात त्या प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशीच्याच.

दुपारची वेळ. हॉलमध्ये बरीच गर्दी. भागरताबाई वडिलांचा हात धरून आल्या. ऐंशीच्या घरातला माणूस, पांढरं धोतर, डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकलेला की समोरचं नुसतं पांढरं दिसत असेल. बाईंनी त्यांना रेशमी लुगड्यांकडे नेलंच नाही. सरळ समोर. "बाबा, हे पाय." म्हाताऱ्यानं हात पुढे केला. वस्त्रांना हात लावू नये अशी पाटी होती आणि एक स्वयंसेविका "आजोबा, आजोबा" करत पुढे झाली. मालतीबाईंनी तिचा दंड धरून मागे ओढलं.

डोमाजींनी कापड अंगठा आणि दोन बोटांमध्ये धरलं आणि कडेकडेनं सरकत गेले. वीतभर, हातभर, पुन्हा हातभर. एका जागी बोटं थांबली.

"इथं मागाचा धोटा अडकला होता," ते म्हणाले. "गाठ हाय पाय बारीकशी. तुही माय हाका मारून राहिली होती, चहा निवला म्हनून."

मी डोळे फाडून पाहिलं. मला काही गाठ दिसली नाही. पण ते तिथेच बोट ठेवून होते. मग त्यांनी कापड गालाला लावलं, पुन्हा बोटांत धरलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"धुतलं कोनं हे?"

"मी, बाबा."

"दरसाल?"

"दरसाल."

"म्या तं जाड विनलं होतं," म्हातारा म्हणाला. "व्यापारी म्हने, तुह्यं कापड अंगाले टोचते. हे माह्या हाताचं नाही इतकं मऊ. हे तुह्या हातानं झालं." मग आवाजाच्या अंदाजानं मालतीबाई उभ्या होत्या तिकडे वळले. "बाई, माहं नाव लिवलं म्हने. पोरीचं लिवलं का?"

नव्हतं लिहिलं. सोळा लुगड्यांखाली "भागरताबाई ढोके यांच्या संग्रहातून" असं होतं. याच्याखाली नेमकं नव्हतं. मालतीबाई इकडे तिकडे पेन शोधू लागल्या. माझ्याकडे टेबलावरचं शाईचं पेन होतं. मी म्हटलं, मी लिहिते. गुडघ्यावर बसले आणि डोमाजींच्या नावाखाली, भिंतीवरच्या त्या कागदावर, वळणदार अक्षरात लिहिलं: धुतलं आणि सांभाळलं, भागरता डोमाजी.

लिहून झाल्यावर मी वर पाहिलं. या बाईला मी नऊ वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. भाजलेल्या हाताला नाही, बिब्ब्याला नाही. त्या वाकल्या, चष्मा नीट केला, एकेक अक्षर जोडत नाव वाचलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि मान अशी ताठ, की मी सांगते, त्या हॉलमध्ये तेवढी ताठ मान दुसरी नव्हती. आता काहीतरी म्हणतील म्हणून सगळे थांबले. मीही थांबले, पेन तसंच उघडं धरून.

त्यांनी आधी दोन्ही हातांनी लुगडं त्या कागदापासून अलगद बाजूला केलं.

"पेन बंद कर वं," म्हणाल्या. "शाई लागंन त्याले."